वाघजाईच्या राईतला सातवा दगड

कापूरहोळ

पाणी बघायला कुणी एवढ्या लांब जातं का, असं माझ्या जावेनं विचारलं. मी म्हटलं, लातूरचं माणूस नाही जाणार तर मग कोण जाणार? आमच्या गल्लीत नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. त्या दिवशी घरात लग्न असलं तरी एक माणूस नळापाशी बसलेलं असतं. आमचं पाणी म्हणजे घागर, हंडा, बादली. भांड्याशिवायही पाण्याला नाव असू शकतं, तेसुद्धा जागोजागी वेगळं, हे मला साठी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं.

बोलावणं आलं होतं पल्लवीचं. मी शाळेत चित्रकला शिकवायचे तेव्हाची ही माझी विद्यार्थिनी. निसर्गचित्र काढा म्हटलं की सगळा वर्ग दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि खाली निळी नदी काढायचा. पल्लवीनं एकदा नदी मातीच्या रंगाची काढली आणि तिला मधोमध भेगा दाखवल्या. 'रंग नीट दे' असा शेरा मारून मी तिचे गुण कापले. ती हे विसरलेली नाही, आणि मला विसरूही देत नाही. आता ती दगडांची, मातीची मोठमोठी कामं उघड्यावर करते. वर्षभर भोर तालुक्यातल्या हिर्डोशीत मुक्काम ठोकून होती. भाद्रपदात गणपती उठले आणि तिचा फोन आला, "बाई, सहा दगड बसले. सातवा बसायचाय. तुम्ही या. रंग नीट दिलाय का बघायला या."

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या एसटीतून मी कापूरहोळला उतरले. माझी बॅग उतरली, छत्री उतरली. धपाटे आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा मात्र तसाच पुढे साताऱ्याला गेला. फाट्यावर ढाबे, पंक्चरची दुकानं, हॉर्नचा कालवा. त्या गर्दीत पल्लवी टेम्पोला टेकून उभी होती. पाया पडली आणि पहिला प्रश्न, "चटणी आणली?" डबा कुठे गेला ते सांगितल्यावर तिचा चेहरा असा पडला की मला वाटलं, ही आता टेम्पो साताऱ्याच्या बाजूला वळवते.

वेल्हे

पण टेम्पो निघाला वेल्ह्याकडे. सातवा दगड तिथल्या एका पाथरवटाकडे तयार होता. नसरापूर सोडलं आणि दोन्ही बाजूंना भातखाचरं सुरू झाली. पुढे तोरणा होता म्हणे. मला कमरेपर्यंतच दिसला, वरचा भाग ढगात. डोंगराच्या अंगावरून जागोजागी पाणी उतरत होतं. मी मोजायला लागले आणि सतरापाशी सोडून दिलं. लातुरात एवढं पाणी कुणाच्या घरासमोर वाहिलं असतं तर आम्ही महानगरपालिकेला फोन केला असता.

वाटेत पल्लवीनं मला कामाची हकीकत सांगितली. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला वाघजाई देवीची राई आहे. राई म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं जंगल. तिथून एक ओढा निघतो आणि देवघर धरणाच्या पाण्याला मिळतो. त्या ओढ्याच्या काठी कातकऱ्यांची वाडी आहे. कातकरी या डोंगरातले फार जुने रहिवासी, आणि त्यांची बोली अगदी स्वतंत्र. पण वाडीतली पोरं शाळेत मराठी बोलतात आणि आता घरातही मराठीच. चांगुणा नावाच्या एका म्हातारीपाशी मात्र पाण्याचे शब्द शिल्लक होते. ओढा जिथे वळतो, थांबतो, जमिनीत शिरतो, तिथल्या तिथल्या पाण्याला वेगळा शब्द. पल्लवीनं तिच्याकडून सात शब्द घेतले, ते काळ्या दगडांवर कोरून घेतले आणि ज्या पाण्याचा जो शब्द तिथेच तो दगड उभा केला. तिकीट नाही, फीत कापणं नाही. खाचरावर जाणारा माणूस ते जाता-येता बघतो.

पाथरवटानं दगडावरचं गोणपाट बाजूला केलं. छातीएवढा दगड, त्यावर चार अक्षरं, कड इतकी नेमकी की माझ्यातल्या मास्तरणीला बोलायला जागाच उरली नाही. तो अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाला, "अक्षर वळकीचं हाय मॅडम, शब्द न्हाई वळकीचा. पर कोरताना लई ग्वाड लागला." तो, त्याचा मदतनीस आणि आम्ही दोघी, अशा चौघांनी मिळून तो दगड टेम्पोत चढवला.

तो शब्द मी इथे लिहीत नाही, आणि आधीचे सहाही नाही. मी ते लातुरी जिभेनं म्हटले तेव्हा चांगुणामावशी इतकी हसली, की तिला ठसका लागला. कागदावर ते आणखी विद्रूप होतील.

हिर्डोशी

मुक्काम धोंडिबा गुरवांच्या घरी. वाघजाईची पूजा यांच्याकडे, पिढ्यान्‌पिढ्या. सत्तरीचे, ताठ, बोलणं मोजकं. पार्वतीबाई, त्यांची बायको, नवऱ्याच्या वाट्याचंही बोलून घेतात. त्यांनी ताटात नाचणीची भाकरी, कुर्डूची भाजी आणि खेकड्याचा रस्सा वाढला. मी खेकडा याआधी फक्त राशिभविष्यात पाहिला होता. त्याचा नांगा, म्हणजे पुढचा जाड पंजा, मी दातानं फोडायला गेले आणि रस्सा थेट धोंडिबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडाला. त्यांनी तो पंच्यानं टिपला. पार्वतीबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, उद्या चांगुणाला विचारा कसा खायाचा. तिनंच आणल्यात."

सकाळी ती दारात उभीच होती. बुटकी, काटक, लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, हातात खेकड्यांची टोपली. चुलीशेजारी बसून तिनं मला नांगा कसा पिळायचा ते दाखवलं. मग ओल्या खडकातलं बीळ रिकामं आहे की आत खेकडा आहे, हे हात न घालता कसं ओळखायचं तेही सांगायला लागली. बिळाच्या तोंडाशी साचलेलं पाणी कसं हलतं, यावर म्हणे सगळं असतं. त्या पाण्यालाही एक शब्द होता. तो तिसऱ्या दगडावर आहे.

"मावशी, हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं?"

"आईनं. ती मध काडायची. तिला समदं पानी वळकू यायचं." मग टोपली बाजूला ठेवून ती म्हणाली, "बाई, दिवाळी झाली का म्या ल्योकासंगं वीटभट्टीवं जानार. दर साली जाते. पर औंदा गुडगं लई दुकत्यात. परत यीन का न्हाई, ठावं न्हाई."

मी उगाच काहीतरी धीर द्यायला गेले. तिनं हातानंच मला थांबवलं. मरणाची तिला काळजी नव्हती. काळजी वेगळीच होती, आणि ती तिनं मला खेकडा सोलता सोलता सांगितली. पाऊस सरला, की भट्टीवर जायच्या आधी तिची आई राईच्या कडेला उभी राहून आतल्या पाण्याला त्याच्या नावानं हाक मारायची. हाक मारली की ते होळीपर्यंत टिकतं. आई गेली तेव्हापासून हाक चांगुणा मारते. हाच तो सातवा शब्द. डोळ्यांना न दिसता नुसतं कानांना कळणाऱ्या पाण्याचा. तिच्या लेकाला तो येत नाही, सुनेला येत नाही.

"म्या न्हाई आले, तर हाक कोन मारंल?" ती म्हणाली. "पल्लवीनं लिवून ठिवलंय, चांगलं झालं. पर लिवलेलं मला वाचता येत न्हाई. पान्याला तरी कुठं येतंय?"

मी नांगा पिळत बसले.

ओढ्याची वाट

मग आम्ही तिघी ओढ्याच्या काठानं वर निघालो. पल्लवी पुढे, चांगुणामावशी मध्ये, मी मागे धापा टाकत. पहिला दगड धरणाच्या पाण्यापाशी आहे, जिथे ओढा मोठ्या पाण्यात जाऊन गप्प होतो. दुसरा दगड एका डोहाशी. माझ्या मनात होतं की प्रत्येक दगडापाशी थांबून बारकाईनं बघावं, टिपणं काढावीत. पण व्हायचं असं, की दगड दिसायचा, मावशी तो शब्द म्हणायची, आणि माझी नजर दगडावरून आपोआप पाण्याकडे जायची. चौथ्या दगडापाशी ओढा एका जांभळीच्या मुळांखाली शिरतो आणि क्षणभर तिथे रेंगाळतो. मी तिथून दोनदा गेले असते तरी मला ते दिसलं नसतं. तिनं शब्द म्हटला आणि ते पाणी मला रेंगाळताना दिसलं. जन्मभर मी मुलांना 'निरीक्षण करा' सांगत आले, आणि निरीक्षण म्हणजे काय ते मला इथे, चिखलात घोटाभर रुतून समजत होतं.

आजूबाजूला तेरडा फुलला होता, बांधावर सोनकी पिवळी झाली होती. सहाव्या दगडानंतर वाट वर चढली आणि समोर राई आली. काठावरचं रान संपलं आणि एकदम झाडांची भिंतच उभी राहिली, आत काळोखी हिरवाई. वाटेत राईच्या हद्दीचा, शेंदूर फासलेला एक गोटा होता. तिथे चांगुणामावशी थांबली.

"ऐका," ती म्हणाली.

सुरुवातीला मला काहीच ऐकू आलं नाही. मग कुठूनतरी, खडकांच्या आतून, जमिनीखालून आल्यासारखा बारीक आवाज आला. पाणीच होतं, पण दिसत कुठेच नव्हतं. मावशीनं तोंडाशी हात धरून सातवा शब्द म्हटला. तो गाण्यासारखा नव्हता, मंत्रासारखाही नव्हता. लांबच्या माणसाला हाक मारतो तसा होता.

"चला, आत जाऊन बघू," मी म्हटलं.

"तुमी जावा. आमी न्हाई जात."

"का?"

"आई बी हितनंच हाक मारायची." एवढं बोलून ती त्या गोट्याच्या अलीकडे खाली बसली. म्हणजे ज्या पाण्याचं नाव हिच्याकडे आहे, ते पाणी हिनं सत्तर वर्षांत पाहिलेलंच नाही! मला आत जावंसंच वाटेना. मी तिच्याशेजारी बसून राहिले.

संध्याकाळी जेवताना मात्र माझ्यानं राहवलं नाही. "धोंडिबा, त्या मावशींना राईत कुणी अडवतं का हो?"

"छ्या. कोन अडवतंय? त्याच येत न्हाईत."

"बोलावलंय का कधी कुणी?"

पार्वतीबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला. पल्लवीनं मला पायानं ढोसलं. धोंडिबा ताटाकडे बघत म्हणाले, "न्हाई. ते बी खरं हाय." आणि ताक मागून घेतलं. पाहुणीनं असं बोलू नये, हे मला कळतं. बोलून झाल्यावर कळतं.

राई

तिसऱ्या दिवशी सातवा दगड बसायचा होता. चार जणांनी बांबूला अडकवून तो शेंदरी गोट्यापर्यंत आणला. धोंडिबा तिथे पूजेचं तबक घेऊन उभे होते. राईत लोखंड न्यायचं नाही, हा इथला नियम. कोयता नाही, कुऱ्हाड नाही. चपला काढल्या, छत्री ठेवली, किल्ल्या ठेवल्या. मग पार्वतीबाईंनी माझ्या खांद्याकडे बोट दाखवलं, "पिना बी." मी साडीला नऊ पिना लावते. त्या सगळ्या काढल्यावर एका हातात पदर आणि दुसऱ्या हातात निऱ्या धरून मी वाघजाईच्या भेटीला निघाले. चांगुणामावशी गोट्यापाशी बसल्या बसल्या तोंडाला पदर लावून हसत होती.

आणि मग आत पाऊल टाकलं. काय सांगू? दोन पावलांत हवा गार झाली. वर पाहिलं तर आभाळ नव्हतंच, नुसती पानं, पानांवर पानं. गारंबीचे वेल माझ्या कमरेएवढे जाड, एका झाडावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर गेलेले. खोडांवर बोटभर शेवाळ, शेवाळात इवले नेचे, नेच्यांवर थेंब. वरून काहीतरी तांबूस धप्पकन फांदीवर पडलं आणि झुपकेदार शेपूट उडवत निघून गेलं; शेकरू, पल्लवी म्हणाली. मी कडुलिंब आणि बाभळीच्या मुलखातली बाई. झाड म्हणजे सावली, एवढंच मला माहीत. इथे सावलीला झाडं होती की झाडांना सावली, काही कळेना. मी मान वर करून उभी राहिले आणि निऱ्या सुटल्या तेव्हाच भानावर आले.

मध्यभागी उघड्यावर वाघजाई. मूर्ती नाही, एक अनघड शेंदरी दगड. मागे कातळ, आणि कातळाच्या कपारीतून थेंब, थेंब, थेंब. तोच उगम. थेंब खालच्या खडकांच्या भेगांत जातात आणि तिथून जमिनीखालून वाहत ओढा होऊन बाहेर येतात. बाहेर ऐकलेला तो आवाज इथून निघत होता.

दगड अजून हद्दीबाहेरच होता. आणायच्या आधी देवीचा कौल घ्यायचा होता. धोंडिबांनी दोन पाकळ्या पाण्यानं देवीच्या दगडाला चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ते हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "आई, बाहेर पोरीचा दगड आलाय. घडीव हाय…" आणि तिथेच अडखळले. पल्लवीकडे वळून त्यांनी विचारलं, "घडीव हाय न्हवं? टाकीनं?"

"हो काका. म्हणून तर वेल्ह्याला करून घेतला. इथे टाकी चालवायची नाही ना, म्हणून." ती अभिमानानं म्हणाली.

धोंडिबांचा चेहरा उतरला. "आगं पोरी, रायीत दगड मांडते म्हनलीस, म्या हो म्हनलो. हितं मांडायचा दगड म्हंजी नदीतला. जसा हाय तसा. लोखंडाचा घाव लागल्याला दगड आईच्या म्होरं कुनी मांडलाय का आजवर?"

कुणाचीच लबाडी नव्हती. त्यांना वाटलं, दगड म्हणजे कसा ते काय सांगायचं? तिला वाटलं, लोखंड आत नेऊ नका म्हणजे नेऊ नका, एवढंच. वर्षभर एका घरात एकाच चुलीवरची भाकरी खाऊन दोघांनी हे एकमेकांना विचारलं नव्हतं. तरी धोंडिबांनी कौल पूर्ण केला. आम्ही सगळे बघत होतो. डावी पाकळी हलली आणि पडली.

पल्लवी खाली बसून रडायला लागली. "रडायलीस कशाला?" मी म्हटलं. वर्षभराचं काम होतं ते. आणि मला त्या क्षणी तिच्यापेक्षाही जास्त, बाहेर गोट्यापाशी बसलेल्या बाईची आठवण झाली.

बाहेर येऊन पल्लवीनं तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, मावशी आता संतापेल. मी तर तिच्या वतीनं संतापायला तयारच होते. तिनं दगडावरच्या अक्षरांवरून हात फिरवला. मग तिनं विचारलं, "नदीतला चालतुया म्हनं?"

"व्हय, अनघड," धोंडिबा म्हणाले.

ती उठली, गुडघ्यांवर हात रोवून ओढ्यात उतरली आणि पाण्यात चाचपून नारळाएवढा एक गोल काळा गोटा घेऊन वर आली. धोंडिबांसमोर धरून म्हणाली, "ह्यो घ्या. ह्याच्यावं काय लिवलेलं न्हाई. शब्द म्या सांगते, तुमी आत जाऊन म्हना."

धोंडिबांनी हात पुढे केला नाही. ते त्या गोट्याकडे बघत होते. त्यांना नियम प्रिय. तेवढे माहीत आणि तेवढेच प्रिय. शेवटी ते सावकाश म्हणाले, "चांगुणाबाई, हितली रीत हाय. ज्याचा दगड त्यानंच आईपुढं न्यायाचा. दुसऱ्याच्या हातानं चालत न्हाई."

ती तिथेच उभी, गोट्यातून पाणी निथळत पायावर पडतंय.

"आमी कदी गेलो न्हाई," ती म्हणाली.

"म्या बलावतोय," धोंडिबा म्हणाले. "ह्याच्या आदीच बलवाया पायजे व्हतं." आणि शेंदरी गोट्यापासून बाजूला झाले.

ती आत गेली. आम्ही मागून. वाटेत ती वर बघत नव्हती, वेल बघत नव्हती. मान किंचित तिरपी करून ऐकत चालली होती. कातळापाशी पोचली आणि थांबली. कपारीतून थेंब सुटत होता, पडत होता. आई गेल्यापासून जिला तिनं बाहेरून हाक मारली ती ही धार. धार कसली, थेंबच. तिनं वाकून पाहिलं, जवळ गेली, पुन्हा पाहिलं.

"एवढंसंच?" ती म्हणाली आणि खुदकन हसली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते तिनं पुसलंही नाही.

धोंडिबांनी पुन्हा पाकळ्या लावल्या. या वेळी बराच वेळ काहीच पडेना. उजवी पडली तेव्हा पार्वतीबाईंनी "आई गं" म्हणत मला मिठी मारली आणि माझा पदर पुन्हा सुटला. चांगुणामावशीनं गोटा बरोबर थेंबाखाली ठेवला. पहिला थेंब त्याच्या माथ्यावर पडला, फुटला. ती पल्लवीला म्हणाली, "टाकीचा घाव चालत न्हाई ना? मग पान्यालाच कोरू दे. त्याला लोखंड लागत न्हाई." शेजारच्या कातळात थेंबानं पाडलेला वाटीएवढा खड्डा होता. किती पिढ्यांचा, कोण जाणे.

मग तिनं तो शब्द म्हटला. लांबून नाही, हात तोंडाशी धरून नाही. पाण्याच्या कानात सांगावं तसा. धोंडिबांनी तिच्यामागून म्हटला. त्यांचा चुकला. तिनं पुन्हा म्हटला, त्यांचा पुन्हा चुकला. वाघजाईचे पुजारी देवीसमोर उभे राहून एका कातकरी म्हातारीकडून धडा घेत होते आणि चुकल्यावर खाली बघत होते. सातव्यांदा जमला.

"रोज सकाळी दिवा लावाया येतो म्या," ते म्हणाले. "म्हनीन."

परत निघताना राईच्या तोंडाशी पार्वतीबाईंनी सगळ्यांना पदर, खिसे झटकायला लावले. इथली काडी किंवा पानही बाहेर जाता कामा नये. माझ्या खांद्यावरच्या पिशवीतून गारंबीची एक मोठी तपकिरी बी निघाली. शपथेवर सांगते, कशी आली मला माहीत नाही. बरं, माहीत आहे. मीच उचलली होती. निमूट परत ठेवली. मग धास्तावून विचारलं, "आणि तो शब्द? तो तर माझ्याबरोबर येणार."

मावशी म्हणाली, "त्यो न्या. पर नीट म्हना."

वाडी

कोरलेला दगड पल्लवीनं परत नेला नाही. चांगुणामावशीनंच जागा सांगितली, वाडीतल्या नळाजवळ. दुसऱ्या दिवशी मी निघताना तो तिथे उभा राहिला होता आणि शाळेत निघालेली दोन-तीन पोरं अक्षरं जुळवून वाचत होती. शब्द त्यांना नवा होता. एकीनं चुकीचा वाचला, तर झोपडीच्या दारातून मावशीनं तो ओरडून दुरुस्त केला. माझ्या शिक्षिकेच्या कानाला ते फार बरं वाटलं. पल्लवीला मी तिथेच पुरे गुण दिले. जुने कापलेलेही परत केले.

लातूर

दिवाळीनंतर वाडीतली माणसं ट्रकमध्ये बसून भट्टीवर गेली, चांगुणामावशीही गेली. हे पल्लवीनं कळवलं. मग थंडीत एके दिवशी तिनं मोबाईलवर एक आवाज पाठवला. आधी काहीच नाही. मग थेंब. थेंब. मग धोंडिबांचं घसा खाकरणं, आणि तो शब्द. हेल अगदी मावशीचा. शेवटी ते म्हणतात, "रोज म्हनतोय. एक दिस चुकलो न्हाई. चांगुणाबाईस्नी कळवा."

पल्लवीनं तो आवाज मावशीच्या लेकाच्या मोबाईलवर पाठवला. मावशीनं भट्टीवर विटांच्या ढिगापाशी बसून तो तीनदा ऐकला म्हणे. आधी तक्रार केली, की गुरव शेवटी लई लांबवतोय, त्याला सांगा. मग मोबाईल कानाशी तसाच धरून राहिली आणि लेकाला म्हणाली, "पानी हाय. अजून हाय."

तिसऱ्या वेळी तिनं शब्द ऐकला नव्हता, त्यामागचा थेंब ऐकला होता.

पल्लवीनं मला हे फोनवर सांगितलं आणि मी रडले. आमच्या नळाला पाणी यायचा तो दिवस नव्हता. तरी मी उठून नळापाशी जाऊन बसले आणि जाऊबाई स्वयंपाकघरात आहेत, हे बघून घेतल्यावर तो शब्द म्हटला. जमेल तेवढा नीट.